मी न बघताच सांगितलं

माझ्या नणंदेला कॅन्सर झाला, तो काही माझ्यामुळे झाला नाही. असं डॉक्टरांनीही मला सांगितलं. पण तो पाच महिने कुणाला कळला नाही, ते मात्र माझ्यामुळे. हे दुसरं वाक्य तोंडातून काढायला मला बरेच महिने लागले. लिहायला त्याहून जास्त.

मी सत्तावीस वर्षं बोरिवलीतल्या एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन होते. रक्त काढायचं, लघवीचे नमुने तपासायचे, रिपोर्ट पाकिटात घालून माणसांच्या हातात द्यायचे. दुपारी आजूबाजूच्या हॉस्पिटलांतून फॉर्मलीनच्या छोट्या बाटल्या यायच्या. आत कुणाच्या तरी अंगातून काढलेला मांसाचा तुकडा असायचा. बाटलीवरचं नाव आणि सोबतच्या चिठ्ठीवरचं नाव जुळतंय ना, ते बघून मी रजिस्टरमध्ये नोंद करायची. चिठ्ठीवर सर्जनने आपला अंदाज लिहिलेला असायचा. बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. कधीतरी चुकायचा, तेव्हा आमच्या पॅथॉलॉजिस्ट बाई मायक्रोस्कोपवरून मान वर करून म्हणायच्या, "बाहेरून किती साधं वाटलं असेल बघा." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

या नोकरीमुळे सासरच्या माणसांत मी 'अर्धी डॉक्टर' होते. कुणाची साखर वाढली, कुणाचा थायरॉइडचा रिपोर्ट आला, की फोन मला. "वहिनीला विचार," असं सगळे म्हणत. मला ते आवडायचं. इतकं आवडायचं, की एखाद्या गोष्टीतलं कळत नसलं तरी "मला माहीत नाही" हे शब्द माझ्या तोंडातून सहसा निघत नसत.

रिटायर झाल्यावर वर्षभराने, एकोणसाठाव्या वर्षी, माझ्या परकरावर रक्ताचा डाग दिसला. पाळी जाऊन नऊ वर्षं झाली होती. पाळी गेल्यानंतरचं रक्त म्हणजे दाखवायलाच हवं, एवढं मला कळत होतं. पण कांदिवली-बोरिवलीतल्या बायकांच्या सगळ्या डॉक्टर मला ओळखत होत्या. लॅबवाल्या बाई म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्याशी फोनवर बोललेले. त्यांच्यासमोर त्या टेबलावर चढून पाय फाकवायचं माझ्याने होईना. शेवटी मी नवऱ्याला सांगितलं, जुन्या मैत्रिणीकडे जाते, आणि चारकोपहून निघून, रिक्षा, बस, मेट्रो करत पार घाटकोपरला गेले. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं.

डॉक्टर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. नीट, सावकाश तपासलं. म्हणाल्या, "लघवीच्या तोंडाशी वाटाण्याएवढा लाल दाणा आलाय. पाळी गेल्यावर हार्मोन कमी होतात, तिथली कातडी नाजूक होते, मग हा असा दाणा येतो. बऱ्याच जणींना होतो. रक्त त्यातूनच येतंय." मग त्यांनी विचारलं, "आरसा देऊ? एकदा तुम्हीच बघून ठेवा, म्हणजे कमी होतोय की वाढतोय ते कळेल."

"नको, नको," मी म्हटलं. इतक्या घाईने, की त्या जरा हसल्या.

त्यांनी हार्मोनचं मलम लिहून दिलं, गर्भाशयाची सोनोग्राफी करायला लावली, आणि दाराशी थांबवून सांगितलं, "दीड महिन्याने परत या. यायचंच. दाणा गेला नाही, कडक लागायला लागला किंवा वाढला, तर काढून तपासायला पाठवू. क्वचित कॅन्सरही अगदी अशाच दिसण्याचा असतो. नुसतं बघून नेहमीच कळतं असं नाही."

सोनोग्राफी चांगली आली. दीड महिन्याने गेले तेव्हा दाणा गेला होता. मी सुटले. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. मलमाची उरलेली ट्यूब कपाटात ठेवणीतल्या साड्यांच्या मागे ठेवली. आणि तो दाणा कसा दिसतो, ते मी एकदाही बघितलं नव्हतं. मलमही अंदाजाने लावायची, नजर भिंतीवर ठेवून.

दीड वर्ष गेलं.

माझी नणंद माझ्या नवऱ्याहून चार वर्षांनी मोठी. तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. दहिसरला नदीच्या बाजूला एका चाळीत अर्धं आयुष्य काढलं. चाळ पाडून बिल्डिंग झाली, तेव्हा तिथेच सहाव्या मजल्यावर खोली मिळाली. गिरणी बंद पडल्यावर तिचा नवरा वॉचमन झाला, आणि हिने डबे देऊन घर चालवलं. नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी पुण्याला. ती एकटी राहायची आणि कुणाला भ्यायची नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला उभं-आडवं घ्यायची. पण आपले आतले कपडे कायम टॉवेलखाली वाळत घालायची.

दर एप्रिलला ती मसाल्यासाठी आमच्याकडे आठ दिवस यायची. चारकोपला आमची गच्ची मोकळी, ऊन चांगलं. दोघी मिळून मिरच्या वाळवायचो, देठं काढायचो, भाजून डंकावर नेऊन कुटून आणायचो. त्या वर्षी देठं काढताना मी बघितलं, ती सारखी मांडी बदलत होती. मध्येच उठायची, बाथरूमला जाऊन यायची, परत बसायची.

"काय होतंय वन्सं? पाय दुखतायत का?"

तिने माझा नवरा बाजारात गेल्याचं बघून घेतलं, आणि खाली मान घालून म्हणाली, "वहिनी, तुका एक इचारूचा होता गो."

पंचेचाळीस वर्षं मुंबईत काढलेली माझी नणंद एरवी झकास मुंबईचं मराठी बोलायची. खूप लाज वाटली किंवा खूप वाईट वाटलं, की गावचं मालवणी बाहेर यायचं.

तिने सांगितलं ते असं. दोन-तीन महिन्यांपासून लघवीला जळजळ. पुसताना कधीतरी रक्त. आणि तिथे हाताला काहीतरी लागतं. मुलाला सांगणं शक्य नाही. डॉक्टर म्हटले तर बिल्डिंगखालचे, ते पुरुष. "मेले तरी त्याका दाखवूचंय नाय," ती म्हणाली.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते आठवतं. काळजी आली नाही. मला बरं वाटलं. म्हणजे मी एकटी नव्हते. आणि लगेच, तिने विचारायच्याही आधी, मी तज्ज्ञासारखी बोलायला लागले. हार्मोन, नाजूक कातडी, दाणा, सगळं घाटकोपरच्या बाईंच्या शब्दांत. "मलाही झालं होतं," मी म्हटलं. "मलमाने गेलं."

तिचा चेहरा उजळला. "तुका पण? मग तू एकदा बघ ना. तू लॅबमधली. तुका दाखवूक कसली लाज?"

मी नको म्हणू शकले नाही. बाथरूममध्ये ती भिंतीला टेकून उभी राहिली, लुगडं वर धरलं. मी मोबाईलचा टॉर्च लावून खाली वाकले. वाकले आणि माझी नजर बाजूला गेली. निळी बादली, तिच्या कडीला अडकवलेला मग, टाइल्समधली काळी रेघ. हे सगळं मला आजही दिसतं. जे बघायचं होतं ते मी बघितलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी लालसर दिसलं असेल, नसेल. दोन सेकंद.

"हो," मी सरळ होत म्हटलं. "असंच माझं होतं. अगदी असंच."

जे मी कधी बघितलंच नव्हतं, त्याच्यासारखं हे आहे, असं मी सांगितलं. आणि तेही हे न बघता.

मी साड्यांच्या मागची ट्यूब काढून तिला दिली. दुसऱ्या दिवशी माझ्याच जुन्या चिठ्ठीवर चारकोपच्या दुकानातून दोन नव्या आणल्या. दीड महिना लाव, म्हटलं. दीड महिन्याने परत दाखवायला यायचं, कडक लागलं तर काढून तपासायचं, हे जे मला दाराशी थांबवून सांगितलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. विसरले नव्हते. सांगितलं असतं तर ती घाबरली असती. मग तिला घाटकोपरला घेऊन जावं लागलं असतं, त्या डॉक्टर बाई तिच्यासमोर माझं सगळं बोलल्या असत्या, नवऱ्याला कळलं असतं. हा सगळा हिशोब मिरच्यांची देठं मोडता मोडता माझ्या डोक्यात झाला. आणि खरं तर मला वाटतही होतं, की हे साधंच आहे.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. "सुटले गो," म्हणाली. "तीन महिने जीव टांगणीला होता."

नंतर फोन यायला लागले. पहिल्या महिन्यात म्हणाली, जळजळ जरा कमी वाटते. मी खूश. दुसऱ्या महिन्यात म्हणाली, रक्त परत दिसलं. मी म्हटलं, "वेळ लागतो वन्सं, तुमचं वय माझ्यापेक्षा जास्त आहे." जुलैत म्हणाली, लघवीची धार बारीक झाली, बसून राहावं लागतं. मी म्हटलं, "पाणी जास्त प्या. गरम पाण्याच्या टबात बसा." ऑगस्टमध्ये एकदा म्हणाली, "वहिनी, हाताला सुपारीसारखं लागतं गो. मऊ नाय."

मी भाजी चिरत होते. विळीवरचा हात थांबला. सुपारीसारखं. सत्तावीस वर्षांत त्या चिठ्ठ्यांवर हाच शब्द इंग्रजीत, 'हार्ड' म्हणून, मी किती वेळा वाचला होता! मला म्हणायला हवं होतं, उद्या सकाळी येते, आपण डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, "सूज असेल. मलम बंद करू नका." आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर मला तिचाच राग आला. सारखं काय तेच तेच, असं वाटलं. त्यानंतर दोनदा तिचा फोन वाजला तेव्हा मी उचललाच नाही. नंतर सांगितलं, देवळात होते.

सप्टेंबरमध्ये एके सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. आदल्या संध्याकाळपासून लघवी झाली नव्हती, पोट फुगून ती कळवळत होती, शेजारणीने रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं होतं. मी आणि नवरा पोचलो तोवर तिला नळी घातली होती. नळी सहज जात नव्हती, म्हणून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं होतं. ते पन्नाशीचे, गंभीर चेहऱ्याचे. आम्हा तिघांना समोर घेऊन, ती पलंगावर आणि आम्ही दोघं बाजूला उभे, त्यांनी सांगितलं की लघवीच्या जागेवर गाठ आहे, कडक आहे, जांघेतही एक लागते. आजच तुकडा काढून तपासायला पाठवतो.

"किती दिवसांपासून आहे, आजी?"

"वर्षाच्या सुरुवातीपासून."

"काही औषध केलं?"

"एप्रिलपासून मलम लावत होते." तिने पिशवीतून ट्यूब काढून दाखवली.

डॉक्टरांनी ट्यूब उलटसुलट करून बघितली. "हे कुणी लिहून दिलं?"

माझ्या हातात तिची पिशवी होती. मी पिशवीचे बंद घट्ट धरले. आता बोलायला हवं, हे मला कळत होतं.

"मेडिकलवाल्यान दिलं," माझी नणंद म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"न बघता? न विचारता?"

"होय."

डॉक्टर भडकले. "हे असं चालतं बघा. काही बघायचं नाही, तपासायचं नाही, ट्यूब दिली की झालं. पाच महिने गेले यात." माझा नवरा म्हणाला, "यांच्यावर केस टाकायला पाहिजे." मी मान हलवली. हो, मी मान हलवली.

चार दिवसांनी रिपोर्ट आणायला मीच गेले. काउंटरपलीकडच्या मुलीने पाकीट दिलं, "डॉक्टरांना दाखवा," म्हणाली. मीही लोकांना असंच म्हणायची. रस्त्यावर येऊन पाकीट फोडलं. तिसऱ्या ओळीत तो शब्द होता. मी फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. शेजारी एक माणूस पेरू विकत होता. त्याने विचारलं, "मावशी, पाणी देऊ का?" मला त्याला सांगावंसं वाटलं. त्याला सांगणं किती सोपं होतं!

पुढचं सगळं मोठ्या हॉस्पिटलात झालं. लघवीच्या नळीचा बाहेरचा भाग काढला. जांघेतल्या गाठी काढल्या, त्यातल्या एकीत रोग पोचला होता. मग सहा आठवडे रेडिएशनचा शेक. या काळात ती आमच्याकडेच राहिली. मुलगा पुण्याहून सुट्टी मिळेल तसा यायचा, पण आईचं हे दुखणं त्याला विचारताही यायचं नाही आणि तिला सांगताही. सगळं मी केलं. नळी, पिशवी, ड्रेसिंग, शेकाने भाजल्यासारखी झालेली कातडी. आता मी नजर हटवत नव्हते. रोज दोनदा नीट, उजेड धरून बघायची. आता काय उपयोग होता त्याचा!

भेटायला येणारे नातेवाईक म्हणत, "नणंदेचं एवढं कोण करतं आजच्या काळात?" एक चुलतसासू तर सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. पलंगावरून माझी नणंद छताकडे बघत राहायची. मी चहा आणायच्या निमित्ताने आत जायची आणि ओट्याला धरून उभी राहायची.

याच दिवसांत आणखी एक झालं. माझा नवरा शांत माणूस. प्रेसमध्ये प्रूफं तपासण्यात आयुष्य गेलं, कुणाशी आवाज चढवून बोललेला मी बघितलेला नाही. पण तो एक दिवस एकटाच दहिसरला गेला, ताईच्या बिल्डिंगसमोरच्या मेडिकलवाल्याला गाठलं, आणि गिऱ्हाइकांसमोर नको नको ते बोलून आला. "माझ्या बहिणीची वाट लावलीस," म्हणाला. घरी येऊन त्याने मला सगळं सांगितलं. "तो म्हणतो, मी दिलंच नाही. शपथ घेतो. कसा खोटं बोलतो बघ!"

"जाऊ द्या," मी म्हटलं.

शेक संपून पंधरा दिवस झाले होते. दुपारची वेळ. नवरा बाहेर गेला होता. मी तिच्या जांघेला मलम लावत होते, आणि मध्येच माझा हात थांबला.

"वन्सं, त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना खोटं सांगितलंत."

"मग काय तुझं नाव सांगायचं? तुझ्या नवऱ्यासमोर?"

"माझं खोटं त्यापेक्षा मोठं आहे. मी तेव्हा बघितलंच नव्हतं."

ती माझ्याकडे बघायला लागली.

"बाथरूममध्ये. टॉर्च धरला, पण बघितलं नाही. लाज वाटली. माझं स्वतःचंही कधी बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी आरसा दिला तर नको म्हटलं. आणि त्यांनी मला बजावलं होतं, की हे कॅन्सरसुद्धा असू शकतं, मलमाने गेलं नाही तर तपासायला पाठवायचं. तेही मी तुम्हाला सांगितलं नाही."

एवढं मी एका दमात बोलले. वाटलं होतं रडू येईल. आलं नाही.

ती म्हणाली, "मग 'असंच होतं' असं बोललीस कशाक?"

"मला माहीत नाही, असं म्हणता आलं नाही," मी म्हटलं.

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी मलमाचं झाकण लावलं. संध्याकाळी चहा नेला तर घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची वेणी घालत होते, तेव्हा तिने तोंड उघडलं.

"माकाच डॉक्टरकडे जायचं नव्हतं. तू साधं म्हटलंस, मला तेच हवं होतं. ते माझं. पण तुझं ते तुझंच. मी कशाला पुसू?"

"पुसू नका," मी म्हटलं.

"आणि नवऱ्याला सांग. तो त्या मेडिकलवाल्याला फुकटचं बोलून आलाय. मला बरं झाल्यावर रोज त्याच्या दुकानावरून जायचंय. मी तोंड कसं दाखवू?"

त्याच दुपारी मी नवऱ्याला सांगितलं. परकरावरच्या डागापासून सगळं. तो पेपर हातात धरून ऐकत होता. शेवटी त्याने पेपरची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

"माझ्यापासून लपवलंस, ते एक वेळ समजू शकतो," तो म्हणाला. "पण डॉक्टर विचारत होते आणि ताई तुझ्यासाठी खोटं बोलत होती. त्या हालतीत. नळी लावलेली. आणि तू उभी होतीस."

"हो."

"मी बोललो केस टाकू, तेव्हा मान हलवलीस तू."

"हो."

तीन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. चौथ्या दिवशी चपला घालत म्हणाला, "चल दहिसरला."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी मेडिकलवाल्याला म्हटलं, "ते मलम तुम्ही दिलं नव्हतं. मी दिलं होतं." माझा आवाज फुटेना. तो औषधं काढत होता, त्याला ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात? जोरात बोला." मला सगळ्यांसमोर तेच वाक्य मोठ्याने परत म्हणावं लागलं. एक बाई वळून माझ्याकडे बघायला लागली. नवऱ्याने हात जोडले. मेडिकलवाला गोंधळला. "ठीक आहे काका, जाऊ द्या ना," म्हणाला, आणि मग जरा थांबून, "मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं, एकाने चोर ठरवलं म्हणून." एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना सांगायचं राहिलं होतं. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा नणंद आत कपडे बदलत असताना मी त्यांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तुम्ही लॅबमध्ये होतात ना?" मी हो म्हटलं. मी विचारलं, पाच महिन्यांनी किती फरक पडला असता. "नेमकं सांगता येत नाही," ते म्हणाले. "रोग तुम्ही दिलेला नाही. पण तेव्हा आल्या असत्या तर गाठ लहान मिळाली असती. कदाचित जांघेपर्यंत पोचली नसती. कमी कापावं लागलं असतं." मी थांबले. अजून काही बरं बोलतील म्हणून थांबले होते, हे मला नंतर कळलं. ते फाइल लिहायला लागले होते.

याला आता अडीच वर्षं होतील. माझी नणंद आहे. दर काही महिन्यांनी तपासणी होते, आजवर स्वच्छ निघाली आहे. ती दहिसरला आपल्या घरी राहते. लघवीवर ताबा राहिलेला नाही, दिवसाला चार-पाच पॅड लागतात. डावा पाय सुजतो. गावाला जाणं तिने बंद केलं. एवढ्या लांबच्या प्रवासात वास येईल, लोक काय म्हणतील, म्हणून. एका चुलत भाचीच्या लग्नाला सगळे कुडाळला गेलो, ती गेली नाही. सांगितलं, गुडघे दुखतात. सोसायटीच्या मीटिंगला मात्र जाते, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसून सेक्रेटरीला पूर्वीसारखंच सुनावते.

माझ्याशी ती नीट आहे. फोन करते, भांडते, मुलाच्या तक्रारी सांगते. मी गेले की माझ्यासाठी तिखट आमटी करते. बाहेरून कुणी बघितलं तर आमच्यात काही झालंय असं वाटणार नाही.

गेल्या महिन्यात तिला आठ दिवस ताप होता. मला कळलं तेव्हा ती बरीही झाली होती. ती स्वतः रिक्षा करून डॉक्टरकडे गेली होती, लघवीची तपासणी करून घेतली होती, रिपोर्ट घेऊन परत त्यांच्याकडे गेली होती, गोळ्या संपवल्या होत्या. टेबलावर रिपोर्टचं पाकीट पडलं होतं. पूर्वी असं पाकीट आलं की फोडायच्या आधी तिचा मला फोन यायचा. मी पाकिटाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"मला का नाही कळवलंत?" मी विचारलं.

ती तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं नाही. आवाजात राग नव्हता.

"डॉक्टर होते ना," ती म्हणाली. "त्यांना विचारलं."

"बरं केलंत," मी म्हटलं, आणि तिच्यासमोर बसून दुसऱ्या बाजूने तांदूळ निवडायला लागले.